धूर न दिलेली खोली

१

नाताळच्या संध्याकाळी आमच्या डोंगरात कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. धारा लवकर उरकायच्या, अंघोळी करायच्या आणि अंधार पडायच्या आत घराला धूर द्यायचा. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा द्यायचा, आणि बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या, आदल्या दिवशी शेवटचा. घरधन्यानं धुपाटण्यात चुलीतले निखारे घ्यायचे, त्यावर चर्चमधला धूप टाकायचा, आणि उन्हाळ्यात मरियामातेच्या सणाला फादरांकडून आशीर्वाद घेऊन वाळवलेला पाला. घरधनिणीनं मागून पवित्र पाणी शिंपडत जायचं. जपमाळ मोठ्यानं म्हणायची आणि एकही खोली सोडायची नाही. माळा नाही, तळघर नाही, गोठा नाही, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कासियाननं त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीपासून सुरुवात केली. क्रूस टांगलेल्या कोपऱ्याला धूर दिला, मग टोपी काढून धुरावर धरली आणि पुन्हा डोक्यावर घातली, म्हणजे वर्षभर डोकं दुखत नाही. त्याच्या मागे त्याची बायको फिलोमेना पाण्याचं भांडं घेऊन होती. सगळ्यात मागे त्याची म्हातारी आत्या, नोटबुर्गा. ती जपमाळेतला प्रत्येक शब्द त्या दोघांच्या थोडा आधीच म्हणून टाकायची. म्हातारीला देवापुढेसुद्धा पहिला नंबर लागायचा.

गेल्या वर्षी या वरातीत चौथं माणूस होतं. सात वर्षांची झीटा, त्यांची एकुलती एक लेक. बर्फ वितळायला लागलं तेव्हा तिला चर्चच्या अंगणात पुरलं. छातीचं दुखणं होतं. हिवाळाभर पोर खोकत होती, आणि हिवाळा संपता संपता तीच संपली.

स्वयंपाकघर झालं, तळघर झालं. जिना चढून तिघं वर आली. जिन्याच्या तोंडाशीच झीटाची खोली. कासियाननं कडीला हात घातला, तेवढ्यात फिलोमेना पुढे झाली आणि तिनं दारावर हात आडवा धरला.

"इथे नको. तिला धुरानं खोकला येतो."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. गेल्या नाताळला, याच दारात, ती अगदी हेच म्हणाली होती. तेव्हा ते खरंही होतं. तेव्हा या खोलीत नुसतं पाणी शिंपडून पुढे गेले होते. जिभेला वळण पडलं होतं, दुसरं काय? नोटबुर्गा आत्याची जपमाळ मध्येच थांबली. कासियाननं बायकोकडे पाहिलंच नाही. 'अगं, ती आता नाही' असं म्हणायला तोंड कसं उघडावं हे त्याला कळेना, म्हणून तो पुढच्या दाराकडे वळला.

आणि बंद दाराच्या आत कुणीतरी खोकलं.

दोन आखूड ठसके आणि एक लांब.

"माळ्यावर रानमांजर शिरलंय," कासियान लगेच म्हणाला, जरा जास्तच लगेच.

"हो तर!" आत्या म्हणाली. "आणि त्याला थंडी बाधलीय."

२

आता फिलोमेना काही खुळी बाई नव्हती. शेतावर वाढलेली, गाईची अडलेली वासरं हातानं ओढून काढलेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेहून आल्यावर तिनं आधी माळा पाहिला. रानमांजराची लेंडी नाही, पिसं नाहीत. मग धुराड्याचा नळ पाहिला, तो झीटाच्या खोलीजवळून जातच नव्हता. गोठ्यातली म्हातारी गाय कधी कधी खोकते खरी, पण गोठा घराच्या पलीकडच्या अंगाला. तिनं मनाची समजूत घालायचे होते तेवढे सगळे मार्ग धुंडाळले आणि मग झीटाच्या खोलीचं दार उघडलं.

खोली होती तशीच होती. भिंतीलगत लहान पलंग, वर पांढरी चादर. खुंटीवर लोकरीचा तांबडा कोट. दाराशेजारी पवित्र पाण्याची मातीची वाटी, कोरडी. खोलीला खालच्या भट्टीची ऊब पोचत नव्हती आणि आत बर्फासारखं गार होतं. तिनं इकडे तिकडे पाहिलं. काही नव्हतं. हसू यावं इतकं काही नव्हतं.

मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

काचेवर आतून बर्फाची फुलं चढली होती. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही: रिकाम्या खोलीची काच हिवाळाभर कोरडी राहते. फुलं चढतात ती माणसाच्या श्वासानं. रात्री खोलीत कुणी झोपलं, की त्याचा श्वास काचेवर जाऊन गोठतो. फिलोमेनाच्या आणि कासियानच्या खोलीतली काच रोज सकाळी अशीच असायची. शेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत ती मुद्दाम जाऊन आली. तिथली काच साफ होती, पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

ती परत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला, की दोन्ही हातांनी तोंड दाबून धरावं लागलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी ती चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून त्या पलंगावर पायथ्याशी ठेवू लागली.

३

नोटबुर्गा आत्याच्या डोळ्यांना कमी दिसायचं, पण घरातली वीट कुठे जाते ते तिला दिसलं.

"कुणाचे पाय शेकतेस गं वर?"

"खोलीला ओल येते, आत्या."

"ओल येते!" म्हातारीनं हातातलं बटाटे सोलायचं काम बाजूला ठेवलं. "अगं बये, मी नव्वदीला टेकले. मला ओल आणि आसवं यांतला फरक शिकवू नकोस. गव्हाचं शेत कापताना उंदीर कुठे जातात, पाहिलंयस ना? कापत कापत जावं तसे ते पुढे पळतात आणि सगळे शेवटच्या न कापलेल्या पट्ट्यात येऊन बसतात. घराचंही तसंच. सगळ्या घराला धूर दिला आणि एक खोली सोडली, तर घरातलं सगळं वाईट जाणार कुठे? तिथेच ना?"

"ती माझी झीटा आहे."

"तू पाहिलीस?"

"नाही. पण खोकते."

"खोकायला काय, मीही खोकते." आत्यानं बटाटा पुन्हा हातात घेतला. मग आवाज उतरवून म्हणाली, "फिलोमेना, माझे दोन मुलगे लढाईत गेले. एकाचंही थडगं नाही. दारावर टकटक झाली की मला अजून वाटतं, त्यांतलाच एखादा आला. पण मी आधी पवित्र पाण्यात बोट बुडवते, क्रूसाची खूण करते, आणि मगच दार उघडते. म्हणून अजून शहाणी राहिलेय."

कासियानला त्या आवाजाबद्दल विचारलं की तो म्हणायचा, लाकूड थंडीनं तडकतं. रानमांजर आता त्याच्या बोलण्यातून गेलं होतं. पण जिना चढताना तो त्या दाराशी आल्यावर पावलं हलकी करायचा. झोपलेल्या मुलाच्या खोलीवरून बाप जातो ना, तसा. फिलोमेनानं ते पाहिलं.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा धूर निघाला. जिन्याच्या तोंडाशी फिलोमेना दाराला पाठ लावून उभीच होती.

"हट्ट करू नकोस," कासियान म्हणाला.

"मी कुठे हट्ट करतेय? तू पुढे जा."

"लोक काय म्हणतील, फिलोमेना?"

"लोकांना कोण सांगणार आहे? तू?"

तो धुपाटणं घेऊन उभा राहिला. त्याच्या हनुवटीखालून धूर वर जात होता आणि त्याचे डोळे पाणावले होते. धुरानंच, असं म्हणू या. मग तो पुढे गेला. त्याच्या मागून आत्या काठी आपटत गेली, आणि जाताना फिलोमेनाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढून गेली, जोरात, दुखेल इतका.

४

नव्या वर्षाच्या दुपारी फिलोमेना शिवणकाम घेऊन झीटाच्या खोलीत बसली. आता ती रोजच बसायची. बाहेर बर्फ पडत होतं, घरात कुणी नव्हतं. पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यातून खोकला आला. दोन आखूड, एक लांब. तिनं शिवण खाली ठेवली आणि ती पुटपुटली, "हो गं, हो." थोड्या वेळानं पुन्हा आला. दोन आखूड, एक लांब.

तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

हिवाळाभर जिनं पोरीचा खोकला ऐकत रात्री काढल्या, तिच्या कानाला कोण फसवणार? झीटाचे दोन खोकले कधी सारखे नसायचे. कधी एकच ठसका, कधी ठसक्यांची माळ. आणि प्रत्येक खोकल्यानंतर ती श्वास ओढायची, तेव्हा छातीत बारीकशी शीळ वाजायची. त्या शिळेची फिलोमेना अंधारात वाट पाहायची, कारण शीळ वाजली म्हणजे श्वास आत गेला, पोर जगली. इथे शीळ नव्हती. खोकल्यानंतर श्वासच नव्हता. भिंतीपलीकडून एकदाच ऐकून कुणीतरी पाठ केल्यासारखा तो खोकला पुन्हा पुन्हा येत होता.

ती शिवण घेऊन उठली. घाई न करता, हळूहळू दाराकडे गेली. पाठ मात्र वळवली नाही.

खाली आल्यावर स्वयंपाकघरात बसून ती ढसाढसा रडली. भीतीनं नव्हे. झीटा दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी पुरायलाही काही नव्हतं.

तरी संध्याकाळी तिनं वीट वर नेलीच. असतं कधी कधी माणसाचं असं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर ती फादर कोर्बिनियन यांच्यामागून चर्चच्या मागच्या खोलीत गेली. फादर चांगला माणूस, पण सकाळपासून उपाशी आणि हातपाय गारठलेले.

"फादर, आपला धूर आत्म्याला बाधतो का?"

"कुणाच्या आत्म्याला?"

"लहान मुलाच्या. बाप्तिस्मा झालेल्या."

फादरांना सगळं समजलं. ते जवळ येऊन बसले. "बाई, धूर पवित्र. बाप्तिस्मा झालेलं लेकरू पवित्र. पवित्राला पवित्राची कसली बाधा? धूर दिल्यावर जे आत खोकेल, तळमळेल, ते तुमचं लेकरू नव्हे. निश्चिंत मनानं द्या."

"पण फादर," फिलोमेना म्हणाली, "ती जिवंत होती तेव्हाही खोकायची."

 

त्याच संध्याकाळी कासियान खोकू लागला. दुधाची बादली घेऊन फिलोमेना गोठ्याच्या दाराशी आली आणि आतून आवाज आला: दोन आखूड, एक लांब. श्वास नाही, काही नाही.  आत कासियान गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता.

"काय झालं तुला?"

"सर्दी झालीय गं. बर्फ काढत होतो ना छपरावरचं."

पुन्हा खोकला. पुन्हा तसाच. दोन दिवसांतच त्याचा चेहरा उतरला, जेवण तुटलं, आणि जिना चढताना तो त्या दाराशी थांबायला लागला. एकदा तिनं खालून पाहिलं तर तो दाराला कान लावून उभा होता. आतून खोकला आला आणि त्यानं त्याला उत्तर दिल्यासारखा खोकला काढला. त्याचं त्यालाही ते कळलेलं दिसलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं वीट नेली नाही.

"कासियान, उद्या झीटाच्या खोलीत धूर दे," ती म्हणाली.

तो चमच्यातलं सूप तसंच ठेवून बघत राहिला. "तूच म्हणतेस हे?"

"मीच. एक गेली. आता दुसरं माणूस मी देणार नाही."

५

तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सूर्य डोंगराआड जाताच, ती दोघं त्या खोलीत शिरली. आत्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसवलं होतं, तिथून ती जोरजोरात जपमाळ म्हणत होती. कासियाननं धुपाटण्यात ओंजळभर धूप टाकला. नेहमी चिमूटभर टाकतात. धूर एकदम उठला, छताला लागला आणि खाली उतरू लागला.

कासियान मोठ्यानं प्रार्थना म्हणत भिंतीभिंतीनं फिरू लागला. फिलोमेना पाणी शिंपडत मागून चालली. दाराचा कोपरा, कोटाची खुंटी, खिडकी. खोली लहान, तरी पलंगाच्या डोक्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला असं तिला वाटलं.

खोकला सुरू झाला.

दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. कासियानचा आवाज चढला. खोकलाही चढला, जलद झाला, आणि एकाएकी त्याची लय मोडली. एक ठसका. मग ठसक्यांची माळ. मग काहीच नाही. आणि मग, धुराच्या आतून, अगदी बारीक, श्वास ओढल्याची शीळ.



ती शीळ फिलोमेनानं हजार आवाजांत ओळखली असती. कासियान मोठ्यानं म्हणत होता, त्याला प्रार्थनेशिवाय काही ऐकू येत नव्हतं. धूर पलंगापाशी दाटला होता, पण एका जागी दाटत नव्हता. टेबलाच्या उंचीएवढी एक जागा धूर सोडून देत होता, आणि ती जागा मागे मागे सरकत भिंतीला टेकली. तिथे वरच्या बाजूला तिला क्षणभर केसांची बट दिसली, घामानं कपाळाला चिकटलेली. बस, तेवढंच.

"कासियान, थांब," ती म्हणाली, की म्हणायची होती आणि म्हणाली नाही, हे तिला पुढेही कधी नीट आठवलं नाही.

कासियाननं रीतीप्रमाणे खिडकी सताड उघडली. वाईट निघून जायला वाट द्यावी लागते. बाहेरचा गार वारा आत घुसला, धूर खिडकीकडे ओढला गेला, आणि ती मोकळी जागाही त्याच्याबरोबर ओढली गेली, अडखळत, भिंतीला धरत. शीळ एकदा वाजली, पुन्हा वाजली, आणि मग बाहेरच्या अंधारात, बर्फावर, थोडं लांबून वाजली. कासियाननं खिडकी लावून घेतली आणि कडी घातली.

"गेलं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "गेलं गं! ऐक. आता काही नाही."

आता खरंच काही नव्हतं.

६

मग बाकीची कामं झाली. गोठ्याला धूर दिला, अंगणाला फेरी घातली, आणि कासियाननं शिडी लावून प्रत्येक दाराच्या चौकटीवर खडूनं नव्या वर्षाचा आकडा आणि तीन राजांच्या नावांची पहिली अक्षरं लिहिली. झीटाच्या दारावरही लिहिली, सगळ्यांत ठसठशीत. आत्यानं खालून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "आता आत शिरायला मुंगीलाही देवाची परवानगी लागेल," ती म्हणाली, आणि अंथरुणाला पाठ टेकायला गेली.

कासियानचा खोकला थांबला होता. धुपाटणं खाली ठेवल्यापासून एकदाही खोकला नव्हता. त्यानं जवाच्या सुपाचे दोन वाडगे संपवले, नासपती घातलेल्या पावाची जाड फोड कापून घेतली, आणि ती हातात घेऊन तसाच बसून राहिला. फिलोमेना त्याच्यासमोर बसली होती. भट्टीत लाकूड जळत होतं. बाहेर हिमवर्षाव थांबून आकाश निवळलं होतं, म्हणजे आज कडाक्याची थंडी पडणार होती.

"फिलोमेना."

"काय रे?"

"तुझे कान तिच्या खोकल्याला सरावलेले. मला तेवढं कळत नाही." त्यानं पावाची फोड ताटलीत ठेवली. "धुपाटणं माझ्या हातात होतं. खिडकी मी उघडली, मीच लावली. खरं सांग मला. ती नव्हती ना?"

तो तिच्याकडे बघत होता. मार्च महिन्यात शवपेटीचं झाकण ठोकताना त्यानं असंच तिच्याकडे पाहिलं होतं, आणि तिनं मान हलवल्यावरच हातोडी उचलली होती. या माणसाला आता ती काय सांगणार? तिच्या घशाशी शब्द आले होते. एकटीनं गिळायला ते फार मोठे होते. पण हा तर खिडकी उघडून बर्फात पळत सुटला असता, आणि मरेपर्यंत पळतच राहिला असता.

"नाही," फिलोमेना म्हणाली. "ती नव्हती. शेवटपर्यंत एकसारखंच खोकत होतं ते."

"नक्की?"

"माझ्या पोटची पोर, मला कळणार नाही?"

कासियाननं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि तो रडला. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. रडून झाल्यावर त्यानं नाक पुसलं, देवाचे आभार मानले आणि उरलेला पाव खाल्ला. ती त्याच्याजवळ बसून राहिली. तो झोपायला गेल्यावर तिनं वाडगे धुतले, पुसले, फळीवर पालथे घातले. खिडकीपाशी ती गेली नाही. कुणी काचेवर हलकेच टकटक केली असती, तरी उघडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, कारण उघडलं असतं तर कासियानला खरं कळलं असतं.

टकटक झाली नाही. बाहेर फार थंडी होती.